थांबा म्हणणारे झनकलालभाऊ

झनकलालभाऊंच्या दुकानात कॉम्प्युटर घ्यायला आलेला माणूस चहा पिऊन परत जायचा. कॉम्प्युटर न घेता. आणि जाताना खूश होऊन जायचा, ही त्यातली खरी गंमत.

दुकान गोंदियाच्या बाजारात, धानाच्या अडतींच्या गल्लीला लागून. खाली दुकान, वर माझा क्लास. मी तिथे पोरापोरींना कॉम्प्युटर शिकवायची. मी कामठ्याच्या शेतकऱ्याची मुलगी, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. हे मी कुठेही गेले तरी सांगते, ऐकणारे कंटाळतात, तरी सांगते. तेव्हा इथेही सांगून मोकळी होते. झनकलालभाऊ तर माझ्याहून जास्त सांगायचे. कोणी नुसता बसस्टँडचा रस्ता विचारायला आला तरी रस्ता सांगून वर जोडायचे, "अन् माडीवर आमच्या बी.एस्सी. मॅडम असतेत." तो माणूस बिचारा बसस्टँडकडे जाताना एकदा माडीकडे बघून जायचा. स्वतः भाऊ दहावीला बसले, उठले, पुन्हा बसले आणि मग धान विकायला लागले. धानातून कॉम्प्युटरमध्ये कसे आले ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. "सगळे म्हनत होते पुढचा जमाना याचा आहे. म्हनलं, मंग आपून मागच्या जमान्यात कायले बसून राहाचं?" एवढंच.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. तेव्हा तो ग्लुकोज बिस्किटाच्या तुकड्याएवढा, चौकोनी असायचा आणि पाठीला बारीक सोनेरी सुया. नागपूरहून माल आला की भाऊ बाकी काही बघायचे नाहीत. आधी प्रोसेसर काढायचे. अडतीवरचा व्यापारी धान कसा तपासतो ते आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मूठभर घेतो, तळहातावर चोळतो, फुंकर मारतो आणि एक दाणा दाताखाली धरतो. भाऊ प्रोसेसर तळहातावर घेऊन हलकेच तोलायचे, फुंकर मारायचे. एकदा हात सवयीने तोंडापर्यंत गेला तेव्हा मी ओरडले, "भाऊ!"

"पाहून राहिलो जी," ते म्हणाले, "चावून नाही राहिलो."

मग तो उलटा करून सुया मला दाखवल्या. "पाहा मॅडम, कशी सुतात रोवणी केली आहे. एक रोप वाकडं नाही. आमच्या नागऱ्यात इतकी सरळ रोवणी कोन्या बाईच्या हातून होत नाही."

प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या मुख्य दोन. त्यांची इंग्रजी नावं भाऊंच्या तोंडात कधी बसली नाहीत, म्हणून त्यांनी एकीला 'मोठा' आणि दुसरीला 'धाकटा' अशी नावं ठेवली होती. ही दोन सख्ख्या भावांची भाऊबंदकी आहे असं त्यांचं पक्कं मत. मोठ्याच्या वाट्याला तलावाजवळची जमीन आली, धाकट्याला टोकाची, खालच्या अंगाची. मोठा म्हणतो पाणी आधी माझं. धाकटा काय करतो, गुपचूप जाऊन बांधीचा धुरा, म्हणजे भातखाचराचा बांध, फोडतो आणि पाणी आपल्याकडे वळवतो. म्हणजे काय, तर भाव तोडतो. मग मोठा चिडून आपला धुरा फोडतो. "भाव म्हनजे पानी, मॅडम," ते म्हणायचे. "थो खालच्या बांधीतच जाते. वर चढलेलं पानी कोनं पाह्यलं?"

दर सोमवारी नागपूरच्या होलसेलवाल्याचा भावाचा फॅक्स यायचा. पण भाऊंना कागदावर भरवसा नव्हता. ते फोन लावायचे आणि पलीकडून हॅलो म्हणायच्या आत विचारायचे, "काय फुटला आज?" अडतीवर लिलावाचा भाव विचारतात तसं. होलसेलवाल्याला पहिल्या वेळी वाटलं, पार्सलमधलं काहीतरी फुटलं. त्याने माफी मागितली. 

त्यांचा जीव धाकट्यावर होता. ते स्वतः घरात धाकटे, टोकाची जमीन त्यांच्याच वाट्याला आलेली, म्हणून असेल. त्या दोघांत शर्यत लागली होती की हजार मेगाहर्ट्झचा वेग आधी कोण गाठतो. एक दिवस होलसेलवाल्याने फोनवर सांगितलं, धाकट्याने गाठला. भाऊंनी फोन ठेवला, गल्लीतून लडी आणली आणि भर बाजारात फटाके लावले. मागोमाग पेढे. अडतीवरचे हमाल, पानठेलेवाला, रिक्षावाले, सगळे धावत आले.

"कोन निवडून आला जी?"

"धाकटा!" भाऊ म्हणाले.

लोकांनी पेढे खाल्ले. कोणाचा धाकटा, कुठून उभा होता, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. एका हमालाने तर "मी बी त्यालेच टाकलं होतं मत" असंही सांगून टाकलं.

आता कोठीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

आमच्याकडे कार्तिक-अगहनात, म्हणजे दिवाळीनंतर, धान निघतो. तेव्हा बाजारात पोतीच पोती, भाव पडलेला. त्या वेळी विकतो तो अडलेला. ज्याच्या घरी धान साठवायची कोठी आहे आणि पोटात धीर आहे, तो जेठापर्यंत, उन्हाळा सरेपर्यंत थांबतो. जेठात भाव चढलेला असतो. शिवाय धान जुना झाला की त्याचा तांदूळ मोकळा शिजतो, त्याला मान जास्त. हे आमच्या रक्तात आहे. ते शिकवावं लागत नाही.

तर एका हिवाळ्यात मोठ्याने आणि धाकट्याने एकदमच भाव तोडले. झनकलालभाऊंचे डोळे चमकले. भाव पडलेला! असा हंगाम सोडायचा? त्यांनी नागपूरला जाऊन पिशव्या भरभरून प्रोसेसर आणले, आणि दुकानात न ठेवता नागऱ्याला घरी नेले. मी विचारलं, "भाऊ, माल कुठे?"

"कोठीत टाकला."

"कोठीत? धानाच्या?"

"मंग कशाच्या? रिकामीच होती. खाली कडुनिंबाचा पाला हातरला, वर पाला टाकला. कीड लागत नाही. आता जेठात काढू."

मी बी.एस्सी., माझं कर्तव्य होतं. मी त्यांना माडीवर नेलं, फळ्यावर रेघ काढली, ती रेघ कशी खाली जाते ते दाखवलं, दर वर्षी नवा, जास्त वेगाचा प्रोसेसर येतो आणि जुना पडतो हे समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फळा तुमचा खरा आहे जी. पन जेठ बी खरा आहे."

जेठ आला. भाऊंनी फोन लावला. "काय फुटला?" पलीकडून जे सांगितलं ते ऐकून ते खुर्चीत बसले. त्यांनी हिवाळ्यात ज्या भावाने घेतले होते, त्याच्या अर्ध्यात आता त्याहून दुप्पट वेगाचे मिळत होते. कोठीतला माल कोणी फुकट नेला असता तरी उपकार केल्यासारखा नेला असता.

"मॅडम," ते म्हणाले, "तांदूळ जुना झाला का लोक जास्तीचा भाव देऊन नेतेत. हे कोनतं पीक आहे जी, जुना झाला का कोनी हुंगून बी पाहात नाही?"

मला फळ्यावरची रेघ आठवली, पण त्या चेहऱ्यासमोर काढायची हिंमत झाली नाही. 

दुसरा एखादा असता तर धंदा बंद करता किंवा गिऱ्हाइकाला गोड बोलून जुना माल खपवता. भाऊंनी तिसरंच केलं. त्यांनी कोठीला झाकण लावलं, आणि धीराची दिशा फिरवली. आधी ते विकायला थांबायचे. आता ते लोकांना घ्यायला थांबवू लागले.

"कम्प्युटर पाहिजे? बसा. चहा घ्या. कायले घेता आज? थांबा. भाव पडन."

"पन भाऊ, पोराले गरज आहे..."

"गरज तं आहेच जी. पन आज तुमाले जो डब्बा देईन, थोच दिवाळीले अर्ध्या भावात तुमच्या शेजाऱ्याच्या घरी दिसन. मंग तुमी मले बाजारात पाहून तोंड फिरवान. मले तोंड फिरवलेलं सहन होत नाही."

आणि हे खरं होतं. आख्ख्या बाजारात झनकलालभाऊंना बघून तोंड फिरवणारा एक माणूस नव्हता. कोणी काही घेतलेलंच नव्हतं, तर फिरवणार कशासाठी?

दुकान कसं चालायचं, असं कोणी विचारेल. माझ्या क्लासवर. हे मी स्पष्ट लिहिते. सरकारी नोकरीच्या अर्जाला कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट लागायला लागलं होतं, माडीवर बसायला जागा पुरायची नाही. भाऊ हे लपवायचे नाहीत. "दुकान मॅडम चालवतेत," ते सांगायचे, "मी लोकाइले थांबवतो." जणू दोन खाती आहेत आणि त्यांचं अधिक कष्टाचं.

सगळ्यात जास्त थांबले ते कामठ्याचे गुरुजी. मला शाळेत शिकवलेले. त्यांना मुलाच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर पाहिजे होता. ते दर दिवाळीला यायचे, चहा प्यायचे, "या साली?" विचारायचे, आणि भाऊ म्हणायचे, "गुरुजी, इतके थांबलात, आता घाई करून नुकसान कायले करता?" असं करता करता मुलगा बारावी झाला, इंजिनिअर झाला, हैदराबादेला कॉम्प्युटरच्याच कंपनीत लागला. पुढच्या दिवाळीला गुरुजी आले ते काठी आपटत.

"झनकलाल, माझ्या पोराले कम्प्युटर शिकाचा होता म्हनून मी कम्प्युटर घेऊन राहिलो होतो. थो आता कम्प्युटर बनवून राहिला!"

"पाहा!" भाऊ आनंदाने म्हणाले. "खर्च वाचला का नाही?"

गुरुजींनी काठी बाजूला ठेवली. ते चहा प्यायले. आता स्वतःसाठी घ्यायचा म्हणाले, पेन्शनीत वेळ जात नाही. भाऊ म्हणाले, थांबा.

मग समोर रस्त्यापलीकडे एका सेठने काचेचं दुकान काढलं. बाहेर मोठा फलक, 'भाव आजच कमी'. झनकलालभाऊंना ते फार लागलं. स्वतःच्या नुकसानीचं नाही, लोकांच्या. त्यांनी माझ्याकडून पुठ्ठ्यावर लिहून घेतलं: 'आज घेऊ नका. याहून कमी होणार.' आणि दारात टांगलं. तासाभरात ही गर्दी.

"कोनती स्कीम आहे जी ही?"

"स्कीम नाही, थांबाचं आहे."

"मंग आमचा बी नंबर लावा थांबाचा!"

दुपारी सेठ स्वतः रस्ता ओलांडून आला, कपाळावरचा घाम पुसत. "झनकलालभाऊ, आप अपना गिराहिक वापस भेजो, मेरा कुछ बोलना नहीं। मेरे गिराहिक को काहे भगाते?"

"भगाता कहाँ सेठजी? रोकता हूँ," भाऊ म्हणाले. "आप भी बैठो. चाय पियो. ज्यादा माल मत भरना. भाव गिरेगा."

सेठ बसला. चहा प्यायला. आणि खरं सांगते, त्याने त्या महिन्यात माल कमी भरला, आणि पुढच्या महिन्यात भाव पडल्यावर भाऊंना मिठाईचा डबा पाठवला.

या सगळ्यात एक गिऱ्हाईक असं होतं ज्याला थांबणं परवडणारं नव्हतं. ती म्हणजे त्यांची बायको.

फुलवंताभाभी सातवी शिकलेल्या. रोज दुपारी नागऱ्याहून ऑटोने भाऊंचा डबा घेऊन यायच्या आणि भाऊ जेवेपर्यंत माझ्या क्लासात मागच्या बाकावर बसायच्या. बसता बसता त्या मराठी टायपिंग शिकल्या. माझ्या कित्येक पोरांपेक्षा चांगल्या. का शिकल्या ते त्यांनी मला एकदा सांगितलं. त्यांच्या मायला लग्नातली गाणी यायची. पोवारी बोलीतली, हळदीची, मांडवाची, आणि व्याही-विहिणींना बायका गाऊन शिव्या घालतात ती. माय गेली. आता ती सगळी गाणी येणाऱ्या गावात एक भाभीच उरल्या होत्या. एकदा वहीत लिहून ठेवली होती, ती वही उधईने, म्हणजे वाळवीने, खाल्ली.

"मॅडम, आता कम्प्युटरात टाकाची आहेत. थ्याले उधई लागत नाही ना?"

"नाही लागत."

"बस मंग."

मी म्हटलं, क्लासमधल्या मशीनवर टाका की. भाभींनी पदर तोंडाला लावला. गाणं म्हटल्याशिवाय त्यांना ते आठवायचं नाही, आणि ती व्याह्याला घातलेल्या शिव्यांची गाणी वीस पोरापोरींत म्हणण्यासारखी नव्हती. एक त्यांनी माझ्या कानात म्हणून दाखवलं. व्याह्याच्या मिशीबद्दल होतं. मिशीपासून सुरू होऊन ते ज्या दिशेने गेलं, ते बी.एस्सी.ला नव्हतं.

तेव्हा घरी, दार लावून बसता येईल असा स्वतःचा कॉम्प्युटर पाहिजे. भाभी दर वर्षी म्हणायच्या. भाऊ दर वर्षी म्हणायचे, "थांब वो जरा. भाव पडन." कॉम्प्युटरवाल्याच्या घरी कॉम्प्युटर नाही, यावर नागऱ्यात बाया हसायच्या. भाभींना त्या हसण्याचं काही नव्हतं. त्यांना गाणी निसटत होती त्याचं होतं.

आणि मग एका साली, रोवणीच्या दिवसांत, मोठ्याने धुराच फोडला. त्याने प्रोसेसरचा एकदम नवा वाण काढला आणि जुन्या मालाचा भाव असा तोडला की धाकट्यालाही मागोमाग तोडावा लागला. नवा वाण धाकट्यापेक्षा सरस होता. त्या दिवशी भाऊंनी डबा उघडला नाही.

"कोनाचं सुतक आहे?" भाभींनी विचारलं.

"धाकटा हरला," भाऊ म्हणाले.

भाभींनी माझ्याकडे बघितलं. मी खूण केली, घरातलं कोणी नाही. त्यांनी सुटकेचा श्वास घेतला आणि डबा परत बांधला.

पण बातमी पेपरात आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माडीवरून खाली बघते तर दुकानासमोर माणसंच माणसं. ज्यांना ज्यांना म्हणून भाऊंनी थांबवलं होतं ते सगळे. सर्वांच्या पुढे गुरुजी, काठी टेकून. मी पोरांना धडा देऊन खाली आले.

"झनकलाल, पडला ना भाव?"

"पडला जी, गुरुजी."

"मंग दे."

भाऊंच्या आयुष्यातला हा दिवस. इतकी वर्षं जे सांगितलं ते खरं ठरलं होतं, गिऱ्हाईक दारात होतं, कोणी तोंड फिरवायचं कारण नव्हतं. मला वाटलं, आता काढतात बिलबुक. भाऊंनी फॅक्स उचलला. वाचला. उलटा करून मागचा कोरा भागही वाचला. मग तळहातावर प्रोसेसर नसताना तळहातावर फुंकर मारली.

"गुरुजी," ते हळूच म्हणाले, "धाकट्यानं अजून पुरा तोडला नाही. थो आता चिडला आहे. चिडलेला मानूस पुन्हा तोडन. दिवाळीपर्यंत..."

गर्दीतून 'आऽऽ' असा आवाज निघाला. तेवढ्यात मागून भाभी डबा घेऊन पुढे आल्या. लोकांनी वाट दिली.

"मी बी थांबू?"

भाऊंनी इकडेतिकडे बघितलं. "एवढ्या लोकाइले थांबवलं वो. तुलेच कसा देऊ? म्हनतीन, जगाले थांबवते अन् आपल्या घरी नेते."

भाभींनी डबा काउंटरवर ठेवला. आवाज चढवला नाही. "तुमचा भाव पडते तसं माझं गानं बी पडून राहिलं. मांडवाचं गानं मागच्या साली पुरं येत होतं. आता मधातली कडवी येत नाहीत. थे दिवाळीले तुमी नागपूरहून आनून देता का?"

भाऊंनी फॅक्स काउंटरवर ठेवला. त्यांच्याकडे या मालाचा भाव नव्हता.

"मॅडम," भाभी मला म्हणाल्या, "चला."

आम्ही निघालो तेव्हा मागे बघितलं. गुरुजींनी काठी उचलली आणि रस्ता ओलांडला. त्यांच्या मागे सगळी गर्दी. सेठच्या काचेच्या दारात चपलांचा ढीग झाला. झनकलालभाऊ दारात त्या पुठ्ठ्याखाली उभे होते आणि हातात सगळ्यांसाठी मागवलेल्या चहाची किटली.

ऑटोत मी भाभींना म्हटलं, "सेठकडून घेऊ या का?" 

"कायले? आपल्या घरी पीक आहे ना."

त्यांनी कोठीचं झाकण काढलं. वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा भपकारा आला. पाला बाजूला केला तर खाली खोक्यांतले प्रोसेसर, जसे ठेवले तसे, कीड नाही, गंज नाही. माझ्या क्लासातून बाद झालेल्या त्याच काळातल्या मशीन त्यांच्याच घरी माळ्यावर पडल्या होत्या. एकाचा डबा, दुसऱ्याचा स्क्रीन असं करत मी जोडायला बसले. बी.एस्सी.ला स्क्रूड्रायव्हर शिकवत नाहीत. तो मला झनकलालभाऊंनीच शिकवला होता.

बटण दाबलं. पंखा फिरला आणि पाल्याचा चुरा फर्रकन भाभींच्या केसांत उडाला. स्क्रीन काळाच. आम्ही वाट बघितली. भाभींनी तेवढ्यात चुलीवर भात टाकला. भात शिजला, पेज काढली, झाकण ठेवलं, आणि स्क्रीन उजळला. पुढे कायम तसंच राहिलं. भाभी बटण दाबून भात टाकायच्या, दोन्ही बरोबर तयार व्हायचे. 

"आता तुमी बाहेर बसा," भाभी मला म्हणाल्या आणि दाराला आतून कडी लावली.

भाऊ संध्याकाळी आले. मी ओट्यावर बसले होते. आतून भाभींच्या गाण्याचा आवाज, मध्येच थांबणारा, मग टकटक, मग पुन्हा गाणं. ते व्याह्याच्या मिशीवर आलं होतं. भाऊंनी कान दिला. चेहरा लाल झाला. मग त्यांनी हवेत नाक वर केलं.

"कडुनिंब?"

"हो भाऊ."

"कोठीतला टाकला?"

"हो."

"धावते का?"

"धावत नाही. चालतो."

ते माझ्या शेजारी ओट्यावर बसले. दिवसभरात समोरच्या सेठने किती डबे विकले असतील ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. बराच वेळ आतलं गाणं ऐकत राहिले. एका कडव्याला अडखळून भाभी थांबल्या, आणि भाऊंचे ओठ हलले. त्यांना पुढची ओळ येत होती. त्यांनी घसा साफ केला आणि दाराशी तोंड नेऊन ती ओळ म्हटली. आत टकटक सुरू झाली.

मग माझ्याकडे वळून, मान ताठ करून म्हणाले, "मी म्हनलं नव्हतं मॅडम? जुना ठेवा म्हनून. जुना तांदूळ व्हय थो."

मी बी.एस्सी. आहे, तरी मी मान डोलावली.

पुढे मला तिरोड्याच्या कॉलेजात नोकरी लागली. भाऊंनी दुकानाच्या पाटीवरून 'विक्री' हा शब्द पुसून टाकला. म्हणाले, लोकांचा उगाच गैरसमज होतो. खाली-वर दोन्हीकडे क्लासच झाला.

शेवटचं त्यांना बघितलं ते बऱ्याच वर्षांनी, माझ्या भाचीच्या लग्नाच्या वेळी. गाण्यांची छापलेली प्रत मागायला नागऱ्याला गेले होते. वरून बिरशीच्या विमानतळावरच्या शिकाऊ पायलटाचं छोटं विमान गोल गोल फिरत होतं, उतरू का नको करत. भाभी आत त्याच मशीनसमोर, डोळ्यांवर चष्मा, शेगडीवर भात. खोलीत अजून कडुनिंबाचा वास. प्रत भरपूर जाड झाली होती. माझ्या हातात देताना भाभी म्हणाल्या, "मागची पानं पोरीच्या सासऱ्याले दाखवू नका."

तेवढ्यात झनकलालभाऊ धावतच आत आले. केस पांढरे, हातात मोबाईल.

"मॅडम! बरं झालं आलात. धाकटा उठला! असा वाण काढला म्हनतेत का मोठ्याले घाम फुटला. पोटभर भाव तोडून राहिले दोघं." मग भाभींच्या पाठीकडे वळून, जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून मी हे ऐकलं, "ऐक वो. यावेळी थांबाचं नाही. नवा घेऊ. धाकट्याचाच. तुह्यासाठी. आजच नागपूरले फोन लावतो."

भाभींनी मान वळवली नाही. बोटं चालूच होती.

"थांबा," त्या म्हणाल्या.

भाऊ तिथेच उभे राहिले. इतकी वर्षं मी तो चेहरा काउंटरच्या पलीकडे बघत आले होते, लांबून पैसे घेऊन आलेल्या माणसाचा. आता तो काउंटरच्या मालकाला लागला होता.

"पन... भाव पडला आहे वो."

"बसा. चहा घ्या," भाभी म्हणाल्या. "हे कडवं होऊ द्या."

झनकलालभाऊ बसले. चहा प्यायले. आणि कप खाली ठेवून, मिशीतल्या मिशीत ते गाणं गुणगुणत, खूश होऊन बाहेर गेले.